आठव्या रकान्यातलं अक्षर

परदेशात माल पाठवताना त्याच्याबरोबर एक कागद जातो. हा माल मुळात कुठल्या देशाचा, एवढंच त्यात सांगायचं असतं. त्या कागदात आठव्या नंबरचा एक रकाना आहे, बोटाच्या पेराएवढा. त्यात एक इंग्रजी अक्षर लिहायचं. ए किंवा बी. आमचं ते अक्षर चुकलं, आणि माझ्या वडिलांवर कायमचं घरी बसायची वेळ आली.

माझे वडील गुळव्या आहेत. ज्यांनी गुऱ्हाळ फक्त लांबून पाहिलंय त्यांच्यासाठी सांगते. ऊस गाळणारा वेगळा असतो, चुलीत चिपाडं सारणारा वेगळा असतो. काहिलीत, म्हणजे भल्यामोठ्या कढईत, उकळणाऱ्या रसाचा गूळ नेमका कुठल्या घटकेला झाला, हे ठरवणारा तो गुळव्या. घटकाभर आधी उतरवला तर गूळ बसत नाही, घटकाभर उशीर झाला तर करपतो. वडील चौथीपर्यंत शिकलेत. आई शाळेत गेली नाही. मी नेसरीहून गडहिंग्लजला एसटीनं ये-जा करून बी.कॉम. केलं. आईकडच्या आणि वडिलांकडच्या, दोन्ही घरांत पदवी घेणारी मी पहिली. हे मी अभिमानानं सांगते आणि पुन्हा पुन्हा सांगते. ज्यांच्या घरात तीन पिढ्या पदव्यांच्या चौकटी भिंतीवर आहेत, त्यांना कंटाळा आला तर येऊ दे.

पुढं कोल्हापुरात नोकरी लागली, परदेशी जाणाऱ्या मालाची कागदपत्रं करणाऱ्या एका ऑफिसात. मंगळवार पेठेत एक खोली भाड्यानं घेतली. सकाळी शेजारच्या तालमीतल्या शड्डूंच्या आवाजानं जाग यायची आणि दिवसभर मी लोकांच्या मालाचं मूळ लिहीत बसायची.

ते मूळ एवढं का विचारतात, ते आधी सांगायला हवं. आपल्या आजूबाजूच्या देशांनी आपसात करार केलाय की एकमेकांच्या मालावरची जकात कमी करायची, काही मालावरची तर पार काढून टाकायची. पण ही सवलत फक्त शेजाऱ्यांच्या स्वतःच्या मालाला. नाहीतर तिसऱ्याच देशाचा माल शेजाऱ्याच्या दारानं फुकट आत शिरायचा. म्हणून तो कागद. माल अथपासून इतिपर्यंत आपल्याच मातीतला असेल तर आठव्या रकान्यात ए. बाहेरच्या मुलखातलं काही आणून त्यात घातलं असेल तर बी, आणि बीच्या पुढं त्या बाहेरच्या ऐवजाचा टक्का. कबनूरच्या एका यंत्रमागवाल्याचं कापड आम्ही पाठवायचो. त्याचं सूत लांबच्या देशातून यायचं, म्हणून त्याला बी आणि पुढं सुताचा टक्का. टक्का मर्यादेत असला की सवलत, मर्यादेच्या वर गेला की नाही. इतकं सोपं आहे.

करार झाला म्हणजे सगळं मोकळं झालं असंही नसतं. प्रत्येक देश एक यादी मागं राखून ठेवतो. या मालावर सवलत मागू नका, अशी. पाहुणे आले की आमची आई सगळं वाढायची, पण फळीवरचा एक डबा काही उघडायची नाही. ती यादी म्हणजे तो डबा. देशादेशांतल्या वाटाघाटी मी जेवढ्या वाचल्या त्यातल्या निम्म्या त्या डब्यावरूनच चालतात. तू तुझ्या डब्यातलं एक काढ, मी माझ्या डब्यातलं एक काढतो.

अशाच एका फेरीच्या आधी व्यापाऱ्यांचं म्हणणं ऐकायला दिल्लीहून एक अधिकारी कोल्हापुरात आले होते. हॉलमध्ये पुढच्या खुर्च्यांवर फौंड्रीवाले, कापडवाले. मी ऑफिसातर्फे वही घेऊन मागच्या भिंतीला उभी. सगळ्यांचं बोलून झालं. कुणाला काही विचारायचं आहे का म्हटल्यावर मी हात वर केला.

"साहेब, गुळाचं काय?"

पुढून एकजण मान वळवून म्हणाला, "गुळाचं काय असायचंय? खायचा!" सगळा हॉल हसला.

अधिकाऱ्यांनी कागद चाळले. म्हणाले, "गूळ साखरेच्या गटात आहे. आणि साखर त्यांच्या राखीव यादीत आहे. त्यामुळे सवलत नाही."

"साखर कारखान्यात हुती साहेब, गूळ गुऱ्हाळात हुतो. साखरेला त्यांनी डब्यात ठेवावं, पण तिच्यासंगं गुळाला कशाला कोंडलंय?"

ते हसले नाहीत. त्यांनी लिहून घेतलं. बाहेर चहा घेताना एक वयस्कर व्यापारी जवळ आले. "पोरी, कुणाची गं तू?"

"गुळव्याची," मी म्हटलं.

दोनेक हंगामांनी ती यादी बदलली. एका शेजारी देशानं गूळ साखरेपासून वेगळा काढला आणि त्यावरची जकात उठवली. देशाचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या व्यापाऱ्याशी आमचा व्यवहार अजून चालू आहे. हे माझ्यामुळं झालं असं मी म्हणत नाही. असल्या गोष्टी शंभर कारणांनी होतात. पण त्या हॉलमध्ये विचारलं मी होतं, हे मी कुणाला विसरू देत नाही.

आता आमच्या गुऱ्हाळाकडं येते. नेसरीच्या बाजूला काही शेतकऱ्यांनी मिळून ते चालवायला घेतलंय, आणि वडील तिथं गुळव्या. गटाचे अध्यक्ष साठीचे आहेत, त्यांना सगळा गाव मामा म्हणतो. मामा इतके सरळ की शेताच्या बांधावर स्वतःचा पाय पलीकडं पडला तर मागं घेतात.

मार्केट यार्डात गुळाचा सौदा निघतो तेव्हा रंगावरून नंबर लागतो. पिवळाधमक तो एक नंबर. तो पिवळा यावा म्हणून बरेच लोक रसात एक पांढरी पावडर टाकतात. आमचे वडील टाकत नाहीत. ते भेंडीच्या झाडाची सालं भिजवून त्याचं चिकट पाणी रसात घालतात. त्यानं मळी वर येते आणि गूळ निघतो तांबूस काळा. म्हणून सौद्यात आमचा माल कायमचा दोन नंबर. एकदा एका अडत्यानं तोंडावर ऐकवलं, "काय हो, डांबार घालताय काय गुळात?" वडील म्हणाले, "रंगच बघायचा असंल तर रंगपंचमीला या. गूळ खायचा असंल तर बसा."

पण बोलून दर मिळत नाही. गटातले लोक कुरकुरायला लागले. पावडर टाकू या, सगळेच टाकतात. बैठकीत वडील उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "पावडरीची पुडी काहिलीत पडंल त्या दिवशी मी घरात. दुसरा गुळव्या बघा."

तेव्हाच मी मध्ये पडले. शेजारच्या देशात एक व्यापारी मला मिळाला होता. त्याला बिनपावडरीचाच गूळ हवा होता, काळा असला तरी चालेल, उलट काळाच हवा. पण जकात भरून घेणं त्याला परवडणारं नव्हतं. जकात उठली होती, म्हणजे जमत होतं. मामांनी बैठकीत ठराव मांडला. एक कंटेनर पाठवून बघायचा. माल सवलतीत तिकडं उतरला तर गूळ भेंडीचाच. नाही उतरला तर पुढच्या हंगामापासून पावडर. ठराव वहीत लिहिला, खाली सगळ्यांच्या सह्या. वडिलांनीही केली. म्हणजे आपल्याच हातानं आपली नोकरी त्यांनी त्या कंटेनरमध्ये भरली, आणि कंटेनर माझ्या हातात दिला.

अर्ज हल्ली कॉम्प्युटरवरच भरायचा असतो. गटाच्या नावानं भरायचा, आणि सही मामांची. मी सगळे रकाने भरून ठेवले. आठवा तेवढा राहिला होता, कारण तो मामांना समजावून त्यांच्याकडूनच भरून घ्यावा असं मला वाटलं. सही त्यांची आहे, काय लिहितोय ते त्यांना कळायला हवं. दोनदा समजावलं. ज्या दिवशी अर्ज जायचा त्या दिवशी ऑफिसनं मला कबनूरला धाडलं. माग चालू असलेल्या शेडमध्ये उभी होते. तिथं शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, इतका खडखडाट. तेवढ्यात मामांचा फोन.

"आक्का, त्या आठव्यात ए टाकू का बी?"

एकतर ऐकू येत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर रागही आला होता, दोनदा सांगून पुन्हा विचारतात म्हणून. शिकलेल्या माणसाला असा राग फार लवकर येतो. मी ओरडले, "मामा, मालाप्रमाणं टाका की!"

"मालाप्रमाणं? बरं बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी दाखला मंजूर होऊन आला. मंजूर करणाऱ्या कचेरीत कुणी आठवा रकाना वाचला नसावा. मीही वाचला नाही. ईमेल आला तसा पुढं व्यापाऱ्याला ढकलला. उघडलासुद्धा नाही. दुसऱ्यांचे कागद मी तीन-तीनदा तपासायची, आणि माझ्या बापाचा कागद न वाचता पाठवला. हे लिहिताना आजही मान खाली जाते.

गूळ समुद्रातून गेला. तिकडच्या बंदरात पोचला. आणि व्यापाऱ्याचा निरोप आला, माल अडकलाय. तुमच्याच कागदाप्रमाणं हा गूळ तुमच्या देशाचा नाही, शंभर टक्के बाहेरचा आहे. पूर्ण जकात भरा नाहीतर परत न्या.

तेव्हा मी तो कागद उघडला. आठव्या रकान्यात होतं, बी १००.

मामांना फोन लावला. "मामा, आठव्यात बी कशाला टाकलं?"

"मग काय टाकू? तूच म्हटलीस मालाप्रमाणं टाका. आपला माल दोन नंबरचा न्हाय व्हय? ए म्हंजे एक नंबर, बी म्हंजे दोन नंबर. न्हेमीचं गणित हाय की."

"आणि ते शंभर?"

"टाकलं की. ते मशीन विचारत हुतं, किती टक्के? म्हटलं, शंभर टक्के दोन नंबर! त्यात काय थोडा एक नंबर मिसळलाय व्हय आपण? सरकारच्या कागदावर खोटं कसं लिवायचं?"

मी मंगळवार पेठेतल्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसून राहिले. दोन नंबरचा धंदा करणारी माणसं बेधडक ए लिहून मोकळी होतात. आणि आमच्या एका सरळ माणसानं सरळपणानं बी लिहून आमचाच गूळ परदेशी करून टाकला. मामांना ते समजावलं तेव्हा त्यांनी मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "म्हंजे आमचा गूळ कुठला म्हणत्यात ती? चंद्रावरचा?" आणि मग हळू आवाजात, "तुज्या बाला कसं सांगू आता मी?"

"तुमी नका सांगू. मी सांगतो."

(आमच्याकडं बायकाही 'मी सांगतो', 'मी जातो' म्हणतात. कॉलेजात मला यावरून हसायचे. आता मी कोल्हापुरात 'सांगते' म्हणते आणि गावात 'सांगतो'.)

त्याच दिवशी नेसरीला गेले. वडील दुपारची भाकरी खात होते. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "मग चुकलं कुणाचं? मामाचं?"

"न्हाय अप्पा. माजं. दोन शब्द जास्ती बोलायचं ते बोललो न्हाय. आणि कागद वाचला न्हाय."

"मग नीट कर," म्हणाले, आणि भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या मंजुरीच्या कचेरीत. तिथले साहेब शहरातलेच, मोजकं बोलणारे. म्हणाले, "जुना दाखला रद्द करून नवा देता येतो. माल गेल्यानंतरही देता येतो, करारात तशी सोय आहे. पण एक अडचण आहे. तुम्ही आधीच ए लिहून आला असता तर कदाचित मी विचारलंही नसतं. आता तुमच्या अध्यक्षांनी स्वतःच्या सहीनं शंभर टक्के परदेशी म्हणून लिहून दिलंय. त्याच्या उलट मी कशावरून लिहू?"

"साहेब, ऊस कधी परदेशातून येतो का?"

"ऊस नाही येत. पावडर येते. तेल येतं. मी गुऱ्हाळं पाहिलीत. मला जागेवर येऊन बघावं लागेल."

"या की. उद्याच या."

"उद्या?"

"माल बंदरात आहे साहेब. तिथल्या दमट हवेत गुळाला पाणी सुटायला लागलं असेल. तुम्ही आठ दिवसांनी आलात तर ए कशाला द्यायचा, काकवीला?"

त्यांनी फाइल मिटली. मला वाटलं, मी जास्त बोलले. पण दुसऱ्या नाही तरी तिसऱ्या दिवशी ते आले.

ते येणार म्हटल्यावर गुऱ्हाळावर गटाची माणसं जमली. एकजण म्हणाला, "पावण्याला तांबडा-पांढरा रस्सा घाला. पोटभर जेवला की करंल सही." मी म्हटलं, "पाणी द्या, ते बी मागितलं तर. आज आपल्याला सही नको, खरं पायजे." तो पुटपुटला, "बी.कॉम. झाल्यापास्नं लईच झालंय हिचं." ऐकलं आणि सोडून दिलं.

साहेब आले तेव्हा काहील अगदी रंगात होती. फेस वर येऊन खाली बसत होता, वडील काठाशी उभे राहून लांब दांड्याचा झारा फिरवत होते. साहेब जवळ जाऊन म्हणाले, "यात काय काय घालता?"

वडिलांनी मान वर केली नाही.

"अहो, मी विचारतोय."

"पावणं, जरा दम खावा. आदी रस इचारतोय मला. तुमी मागनं."

मामांनी डोळे मिटून घेतले. साहेब मागं सरकून उभे राहिले. वडिलांनी थोडा पाक गार पाण्याच्या वाडग्यात सोडला, त्याची गोळी वळली, ती भांड्याच्या कडेवर आपटून पाहिली. टण् आवाज आला. त्यांनी हात वर केला आणि चार माणसांनी काहील उतरवून वाफ्यात, म्हणजे गूळ गार करायच्या उथळ हौदात, ओतली. मगच ते हात पुसत साहेबांकडं वळले. "हं, इचारा आता."

साहेबांनी सगळं बघितलं. भेंडीची भिजवलेली सालं, चुन्याचा डबा. प्रत्येक पोत्याचं तोंड उघडायला लावलं. मग कोपऱ्यात गेले आणि थांबले. तिथं एक पंधरा किलोचा पत्र्याचा डबा होता. पामतेलाचा.

"हे काय?"

मला तो डबा माहीत नव्हता. रस उकळताना फेस उतू जाऊ नये म्हणून थोडं तेल सोडतात, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण पामतेल समुद्रापलीकडून येतं, आणि ते एक चमचाभर जरी काहिलीत पडलं असेल तर आमचा ए गेला, हे मला त्या क्षणी कळलं. मामा पुढं झाले. "मी आणलतं साहेब," ते म्हणाले. खोटं बोलायचं त्यांना सुचलंच नसतं. "स्वस्त मिळालं म्हणून. गेल्या म्हैन्यात."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी वडिलांकडं पाहिलं.

वडील म्हणाले, "झाकान बघा की."

साहेब खाली वाकले. झाकणावरचं सील तसंच होतं. कागदाची पट्टीसुद्धा फाटली नव्हती.

"मी हात लावला न्हाय त्याला," वडील म्हणाले. "फेस मरतोय त्यानं, पर गुळाला वास मारतोय. म्हटलं परत करा. तर मामा ईसरलं."

"ईसरलो न्हाय," मामा म्हणाले. "दुकानदार परत घेईना गेलाय."

"मग फेस कशानं मारता?" साहेबांनी विचारलं.

"शेंगतेलानं. वरच्या आळीला घाणा हाय, त्यातलं. पळीभर."

साहेबांनी सीलचा फोटो काढला. घाण्यावर स्वतः जाऊन आले. परत आल्यावर म्हणाले, लेखी द्या. वडील सांगत गेले, मी लिहीत गेले. ऊस. भेंडी. चुना. शेंगतेल. "पाचवं काय न्हाय," वडील म्हणाले. मग थोडं थांबून, "पाचवा इस्तू. चिपाडाचा."

"विस्तवाचा मूळ देश विचारत नाहीत," साहेब म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं पहिलं हसू.

वाफ्यातला कोमट गूळ त्यांना द्यायला मामा उसाच्या पानावर घेऊन आले होते आणि माझ्याकडं बघत उभे होते, देऊ का नको. साहेबांनी वडिलांच्या सहीचा कागद आधी बॅगेत घातला, मग गूळ घेतला. खाता खाता म्हणाले, "एक सांगू? यार्डात जो एक नंबर म्हणून जातो, त्यातली पावडर बाहेरच्या देशाची निघाली तर मला त्या गुळाला ए देता यायचा नाही."

मामांचा हात तसाच हवेत. "म्हंजे? एक नंबरला बी आणि दोन नंबरला ए?"

"कागदाच्या हिशोबानं, हो."

मामा खाली बसले. गुडघ्यावर हात मारून हसायला लागले ते थांबेचनात. "आरं तिच्या मारी! जल्मभर आमाला दोन नंबर म्हणत आलीत ही!" वडील हसले नाहीत. ते पुढच्या काहिलीकडं गेले होते.

नवा दाखला निघाला. या वेळी तो मी ऑफिसात मोठ्यानं वाचला, प्रत्येक रकाना, शेजारच्या टेबलावरचे वैतागेपर्यंत. तिकडच्या बंदरातून आणखी दोन प्रश्न आले, त्यांची उत्तरं दिली, गुऱ्हाळाचे फोटो पाठवले. अखेर माल सुटला, सवलतीसकट. काही खोक्यांतल्या रव्यांना, म्हणजे गुळाच्या ढेपांना, पाणी सुटलं होतं. व्यापाऱ्यानं ती बाजूला काढली आणि तसं स्पष्ट लिहून कळवलं. बरोबरच होतं त्याचं. तेवढं आम्ही सोसलं.

गटाची बैठक झाली. ठरावाची वही उघडून मामांनी जुना ठराव वाचला आणि म्हणाले, "माल उतरलाय. गूळ भेंडीचाच." तो तांबडा-पांढरावाला म्हणाला, "ह्या हंगामापुरतं म्हणा. फुडचं फुडं." मी म्हटलं, "फुडचं बी भेंडीचंच. ठरावात हंगाम लिवलेला न्हाय." वही त्याच्यापुढं सरकवली. त्यानं वाचलं आणि वही मिटली. वडील बैठकीला आलेच नव्हते. गुऱ्हाळावर जाऊन त्यांना सांगितलं, "अप्पा, ठरलं. भेंडीच."

"मग दुसरं काय ठरणार हुतं?" ते म्हणाले. पण झारा फिरवायचा थांबला होता, आणि काहील तापलेली असताना मी तो कधी थांबलेला पाहिला नव्हता.

परवा दुसऱ्या कंटेनरचा अर्ज भरायचा होता. या वेळी रजा टाकून मी नेसरीला गेले. मामांच्या ओसरीवर लॅपटॉप उघडला, त्यांच्या सहीची ती छोटी पेनड्राइव्हसारखी किल्ली त्यात घातली. सात रकाने झाले. आठवा आला. मी लॅपटॉप मामांकडं फिरवला.

"तुमी टाका. सही तुमची हाय."

मामांनी चष्मा लावला. बोट ए वर नेलं आणि अधांतरी धरलं. "आक्का, खोटं तर हुत न्हाय न्हवं? सौद्यात अजून दोन नंबरच म्हणत्यात."

"मामा, सौद्यात रंग इचारत्यात. हितं मूळ इचारत्यात."

त्यांनी गुऱ्हाळाच्या बाजूला पाहिलं. धूर निघत होता. मग बोट टेकवलं. ए उमटला. त्यांनी तो जवळ वाकून पुन्हा एकदा वाचला.

"आणि टक्का?"

"ए ला टक्का इचारत न्हाईत."

"बरं झालं," मामा म्हणाले. "न्हायतर मी परत शंभरच लिवलं असतं."